सामायिक क्लस्टरवर जॉब रांगेत अडकतात आणि स्क्रॅचमधला डेटा पुसला जातो: कामाची मांडणी कशी करावी?

मलप्रभाकाठ यांचा प्रश्न

नमस्कार. मी मूळची खानापूर तालुक्यातली असून बेळगावातील एका महाविद्यालयातून पीएच.डी.चे काम करते आहे. मलप्रभेच्या उगमाकडील खोऱ्यात, म्हणजे कणकुंबी, जांबोटी आणि खानापूर या पट्ट्यात ऑगस्ट २०१९ मध्ये झालेली अतिवृष्टी हा माझा विषय आहे. त्या आठवड्यात मलप्रभेने खाली रामदुर्गापर्यंत जे केले ते आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेले आहे. कणकुंबी ते खानापूर हे अंतर सरळ रेषेत तीसेक किलोमीटरच आहे, पण कणकुंबीला इरले खाली ठेवता येत नाही तेव्हा खानापुरात चक्क उघडीप असते. युरोपीय हवामान केंद्राची ईआरए-५ ही हवामानाची तासागणिक मालिका १९४० पासून उपलब्ध असली तरी तिचा एक चौकोन पाव अंशाचा, म्हणजे सुमारे २७ किलोमीटरचा आहे. हा सगळा फरक त्यातल्या एक-दोन चौकोनांतच गडप होतो. म्हणून मी डब्ल्यूआरएफ हे हवामानाचे संगणकीय प्रारूप २७, ९ आणि ३ किलोमीटर अशा एकात एक बसवलेल्या तीन जाळ्यांवर चालवते.

महाविद्यालयातील संगणकावर हे होणे शक्य नव्हते, त्यामुळे मार्गदर्शकांच्या अर्जावरून दुसऱ्या शहरातील एका संशोधन संस्थेच्या क्लस्टरवर (अनेक संगणक जोडून केलेल्या यंत्रणेवर) मला खाते मिळाले. यंत्रणा उत्तम आहे आणि त्याबद्दल मी खरोखर ऋणी आहे. मात्र वापराची पुस्तिका इंग्रजीत आणि जाणत्यांसाठी लिहिलेली आहे, आणि गेल्या सात महिन्यांत माझ्या हातून झालेल्या चुका पाहता मला मुळापासून समजून घेण्याची गरज आहे असे वाटते.

पहिली अडचण रांगेची आहे. मी प्रत्येक जॉबसाठी, म्हणजे क्लस्टरला दिलेल्या एका कामासाठी, १६० कोअर (गणना करणारे घटक) आणि ७२ तास मागते. जॉब सुमारे ९ तासांत संपतो, पण सुरू होण्यासाठी तीन ते चार दिवस वाट पाहावी लागते. माझ्या नंतर आलेले जॉब माझ्या आधी सुटताना दिसतात, त्याचे कारण कळत नाही.

दुसरी अडचण अधिक मोठी आहे. होम फोल्डरची मर्यादा ५० जीबी आहे. स्क्रॅचमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठवणुकीत, ५ टीबी जागा मिळते, परंतु ३० दिवस ज्या फाइलला हात लागला नाही ती आपोआप पुसली जाते. एका प्रयोगाचे निकाल सुमारे १७० जीबी भरतात आणि माझे एकूण बारा प्रयोग आहेत. गेल्या पावसाळ्यात गावी वीज आणि नेटवर्क यांचा मेळ न बसल्याने मी वेळेत काहीच उतरवून घेऊ शकले नाही आणि चार प्रयोगांचे निकाल गेले. मदत कक्षाला पत्र लिहिले, तेव्हा स्क्रॅचचा बॅकअप घेतला जात नाही एवढेच उत्तर आले. सध्या स्क्रॅचमध्ये पाच प्रयोग आहेत आणि त्यांतील सर्वांत जुन्याचे १९ दिवस उरले आहेत.

घाईघाईत मी लॉगिन नोडवरच, म्हणजे सर्वजण जिथून क्लस्टरवर शिरतात त्या संगणकावरच, फाइली दाबून एकत्र करायला लावल्या, तर माझे खाते एक दिवस बंद झाले. त्यात माझी चूक होती हे आता समजले आहे.

बेळगावातील प्रयोगशाळेत मला साधारण २० एमबीपीएस वेग मिळतो. एवढा डेटा घरी आणावा तरी कसा, आणि जॉब कसे मागावेत, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

निपाणीकर यांचे उत्तर

आपण सर्व आकडे दिलेत, त्यामुळे नेमके उत्तर देता येते. मी निपाणीचा असून गेली अकरा वर्षे अशाच एका सामायिक क्लस्टरच्या देखभालीचे काम करतो. आपला क्लस्टर तो नाही, पण बहुतेक ठिकाणी स्लर्म हीच रांगेची व्यवस्था असल्यामुळे नियमांचे तत्त्व सारखेच असते.

आधी रांगेविषयी. नंतर आलेला जॉब आधी सुटतो यात पक्षपात नसतो. समजा, कोणाला तरी २० नोड (क्लस्टरमधले संगणक) एकदम हवे आहेत आणि ते उद्या सकाळी सहा वाजता मोकळे होणार आहेत. त्यांपैकी आठ नोड आज दुपारीच रिकामे झाले, तर सकाळी सहापर्यंत ते मोठ्या जॉबची वाट पाहत नुसते बसून राहतील. ही वेळ वाया जाऊ नये म्हणून स्लर्म रांगेत मागे असलेला असा जॉब शोधतो, जो त्या आठ नोडांत मावेल आणि सकाळी सहाच्या आत संपेल. यालाच बॅकफिल म्हणतात. आपला जॉब प्रत्यक्षात ९ तासांत संपणारा असला तरी आपण ७२ तास लिहिले आहेत. स्लर्मला आपले लिहिलेलेच प्रमाण मानावे लागते, त्यामुळे त्या फटीत तो आपल्याला कधीच घेणार नाही. जास्त वेळ मागितल्याने आपल्या खात्यातून जास्त तास वजा होत नाहीत, कारण हिशेब प्रत्यक्ष चाललेल्या वेळेचा आणि अडवून ठेवलेल्या कोअरचा होतो, पण बॅकफिलचा लाभ मात्र पूर्णपणे हातचा जातो. मागील जॉब 'सॅक्ट' या आदेशाने पाहावेत, सर्वांत जास्त लागलेला वेळ घ्यावा आणि त्यावर पाव भाग जादा धरून मागणी करावी. आपल्या बाबतीत १२ तास पुरे.

दुसरी गोष्ट १६० कोअरची. डब्ल्यूआरएफ आपले जाळे प्रक्रियांच्या (दर कोअरला एक) संख्येइतक्या तुकड्यांत वाटते आणि प्रत्येक तुकडा आपल्या कडेच्या बिंदूंची माहिती शेजारच्या तुकड्यांना पुनःपुन्हा देत राहतो. तुकडे फार लहान झाले की हिशेबापेक्षा ही देवाणघेवाणच जास्त होते. तुकड्याची कोणतीही बाजू १० बिंदूंपेक्षा कमी झाली तर प्रारूप चालण्यासच नकार देते. आपले सर्वांत बाहेरचे जाळे किती बिंदूंचे आहे ते कळवावे. तोपर्यंत एक चाचणी करून ठेवा: सहा तासांचाच पाऊस घ्या, तो ४०, ८० आणि १६० कोअरवर चालवा आणि लागलेला वेळ टिपून ठेवा. या चाचणीला अर्धा दिवससुद्धा लागत नाही, आणि तरीही ती करणारे संशोधक मला फार थोडे भेटले आहेत.

साठवणुकीबद्दल मी थोडे कळकळीने लिहितो, कारण डेटा गेलेल्या विद्यार्थ्यांचे फोन मी घेतलेले आहेत आणि त्यांना देण्यासारखे माझ्याकडे काहीच नसते. आपण खानापूरच्या भातशेतीच्या भागातल्या आहात, म्हणून असे सांगतो की स्क्रॅच हे खळे आहे आणि ती कणगी नव्हे. मळणी खळ्यावरच करायची असते, तिथे जागा ऐसपैस असते, पण मळलेले भात कोणी तिथे महिनाभर ठेवत नाही, कारण दुसऱ्या दिवशी ते खळे शेजाऱ्याला लागणार असते. स्क्रॅचची रचनाही वेगाने लिहिण्या-वाचण्यासाठी केलेली असते आणि एवढ्या जागेचा रोज बॅकअप घेणे संस्थेला परवडणारे नसते. म्हणून जॉब रांगेत टाकण्याच्या आधीच त्याचा निकाल कोणत्या दिवशी, कोणत्या मार्गाने आणि किती आकारात बाहेर जाणार हे ठरलेले असले पाहिजे.

आता मार्गाचा हिशेब करू. २० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला जास्तीत जास्त अडीच एमबी. बारा प्रयोगांचे मिळून सुमारे २ टीबी आणायचे, तर अखंड नऊ-साडेनऊ दिवस लागतील. १०० एमबीपीएस मिळाले तरी जवळपास दोन दिवस लागतात. पावसाळ्यात अखंड नऊ दिवस वीज आणि लाइन मिळेल असे गृहीत धरणे योग्य होणार नाही. तेव्हा सगळा डेटा आणायचाच नाही, हे पहिले उत्तर.

टिळकवाडी यांचे उत्तर

मलप्रभाकाठताई, मी बेळगावातच राहते आणि पश्चिम घाटातील वनस्पतींच्या जनुकीय अनुक्रमांवर काम करते. आपला विषय वेगळा असला तरी आपल्या दुसऱ्या अडचणीतून मी गेले आहे.

मला सर्वांत उपयोगी पडलेली सवय म्हणजे डेटाची तीन भागांत विभागणी. जे पुन्हा मिळवता येत नाही ते पहिल्या भागात. आपल्या बाबतीत आपण स्वतः गावोगावी नोंदवलेले पर्जन्यमापकांचे आकडे असतील तर ते, शिवाय आपल्या स्क्रिप्ट आणि नेमलिस्टच्या (प्रारूप कसे चालवायचे ते सांगणाऱ्या) फाइली. हे सर्व मिळून काही एमबीच भरते आणि त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी असायला हव्यात. जे पुन्हा उतरवून घेता येते ते दुसऱ्या भागात, उदाहरणार्थ ईआरए-५ चा डेटा किंवा भारतीय हवामान विभागाची पाव अंशाच्या चौकोनांची १९०१ पासूनची दैनिक पर्जन्यमालिका. याची फक्त यादी आणि उतरवून घेतल्याची तारीख जपावी. जे पुन्हा गणून काढता येते ते तिसऱ्या भागात. आपले १७० जीबी या तिसऱ्या भागातले आहेत. ते गेले तर वेळ जातो, पण नेमलिस्ट, प्रारूपाची आवृत्ती आणि कोणती मॉड्यूल (क्लस्टरवरची तयार सॉफ्टवेअर) चढवली होती त्यांची नोंद असेल तर संशोधन जात नाही. आपले जे चार प्रयोग गेले त्यांच्या नेमलिस्ट आपल्याकडे असतील, तर ते खऱ्या अर्थाने गेलेले नाहीत.

उतरवून घेताना 'आरसिंक' हे फाइली आणण्याचे साधन वापरावे आणि अर्धवट आलेली फाइल टिकवून ठेवण्याचा त्यातील पर्याय चालू ठेवावा, म्हणजे वीज गेली तरी पुढच्या वेळी ती जिथे तुटली तिथून सुरू होते. दुसरे म्हणजे पडताळणी. मी एकदा ४१ जीबीची गठ्ठा-फाइल आणली, नाव बरोबर होते, उघडतही होती, म्हणून मूळ प्रत पुसून टाकली. दोन महिन्यांनी लक्षात आले की माझ्याकडची फाइल ३८ जीबीचीच आहे आणि शेवटचे सहा नमुने त्यात नाहीत. तेव्हापासून दोन्हीकडे 'शा-२५६' ची बेरीज (फाइलच्या मजकुरावरून निघणारी ओळखखूण) काढून ती अक्षरशः जुळवल्याशिवाय मी मूळ प्रतीला हात लावत नाही.

लहान फाइलींबद्दलही सावध राहा. माझ्या जागेचा कोटा निम्मा रिकामा असताना जॉब 'जागा नाही' म्हणून बंद पडू लागले, तेव्हा समजले की फाइलींच्या संख्येलाही वेगळी मर्यादा असते आणि माझ्या कोंडाच्या (सॉफ्टवेअर बसवण्याच्या साधनाच्या) चार-पाच वातावरणांनीच लाखो फाइली व्यापल्या होत्या. ती सर्व मोडून मी अॅपटेनरची एकच कंटेनर फाइल (सगळे सॉफ्टवेअर एकत्र बांधलेली) केली.

चिक्कोडीकर यांचे उत्तर

एक सोपा उपाय सुचवतो. ३० दिवसांचा नियम फाइलला शेवटचा हात कधी लागला यावर चालतो. दर आठवड्याला सर्व फाइलींवर 'टच' हा फाइलची वेळ ताजी करणारा आदेश चालवणारी चार ओळींची स्क्रिप्ट लावून ठेवली, तर काहीच पुसले जाणार नाही. आमच्या विभागात दोघे-तिघे असेच करतात आणि त्यांना आजवर काही त्रास झालेला नाही.

निपाणीकर यांचे उत्तर

चिक्कोडीकर, आपला हेतू मदतीचाच आहे, तरीही कृपया हे कोणी करू नये. बहुतेक संस्थांच्या वापराच्या नियमांत याला स्पष्ट मनाई असते आणि नोंदींत ते लगेच दिसते. एकाच तारखेला, एकाच मिनिटाला हजारो फाइलींची वेळ बदललेली असली की वेगळा पुरावा शोधावा लागत नाही.

त्यामागचे कारणही सांगतो. अशा क्लस्टरवर बहुधा लस्टर ही फाइल-व्यवस्था असते. तिच्यात मोठ्या फाइलीचे तुकडे अनेक डिस्क-सर्व्हरांवर पसरलेले असल्याने लिहिणे-वाचणे वेगाने होते, पण प्रत्येक फाइलचे नाव, मालक आणि वेळ यांची नोंद मात्र मोजक्या मेटाडेटा सर्व्हरांकडे असते. एकाने पाच लाख फाइलींवर 'टच' चालवले की त्या सर्व्हरपुढे पाच लाख अर्ज उभे राहतात आणि त्या वेळी दुसऱ्या कोणी साधी फोल्डरची यादी मागितली तरी तिला मिनिट-मिनिट लागते. टिळकवाडी यांनी लिहिलेल्या फाइलींच्या मर्यादेचे कारणही हेच. शिवाय डिस्क जवळजवळ भरली की सर्वांचेच लिहिणे मंदावते, आणि पूर्ण भरली तर त्या क्षणी चालू असलेले सर्वांचे जॉब निकाल लिहिता न आल्याने बंद पडतात. असा एक शनिवार मी पाहिलेला आहे.

खरोखर अडचण असेल तर मुदत संपण्याच्या आधी मदत कक्षाला लिहावे: कोणते फोल्डर, किती जीबी, कोणत्या तारखेपर्यंत आणि का. अशी नेमकी विनंती मी स्वतः फार क्वचित नाकारली आहे. मुदत उलटल्यावर आलेल्या पत्राला मात्र करण्यासारखे काही उरत नाही.

मलप्रभाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. बाहेरचे जाळे १८० गुणिले १८० बिंदूंचे आहे आणि सर्वांत आतले २४१ गुणिले २४१ चे, ४० पातळ्यांचे. आतल्या जाळ्याचे निकाल मी दर १५ मिनिटांनी लिहून घेते. गेलेल्या चारही प्रयोगांच्या नेमलिस्ट वहीत आणि मेलमध्ये सापडल्या, त्यामुळे काल रात्री बऱ्याच दिवसांनी झोप लागली.

निपाणीकर यांचे उत्तर

मग दोन्ही गोष्टी स्पष्ट झाल्या. १६० प्रक्रिया १० आणि १६ अशा वाटल्या जातात, म्हणजे बाहेरच्या जाळ्यात प्रत्येक तुकड्याला १८ गुणिले ११ बिंदू येतात. हे अगदी काठावरचे आहे. ८० प्रक्रियांत ८ आणि १० अशी वाटणी होऊन तुकडा २२ गुणिले १८ चा होईल. माझा अंदाज आहे की वेळ दुप्पट होणार नाही, पण माझ्या अंदाजापेक्षा आपली चाचणी खरी मानावी.

आकाराचे पाहू. आपल्या आतल्या जाळ्यात एका त्रिमितीय राशीचे एका वेळेचे आकडे २४१ गुणिले २४१ गुणिले ४० गुणिले ४ बाइट, म्हणजे सुमारे ९.३ एमबी होतात. अशा तीसेक राशी दर १५ मिनिटांनी लिहिल्या जात असल्यामुळे आपले १७० जीबी होतात. पावसाच्या राशी मात्र द्विमितीय आहेत. संवहनी आणि जाळ्यावर थेट गणलेला असे पावसाचे दोन्ही भाग मिळून एका वेळेचे अर्धा एमबीसुद्धा होत नाही, म्हणजे सहा दिवसांचे तासागणिक आकडे ७० एमबीच्या आत बसतात. त्याला घाटाच्या दोन-तीन पातळ्यांवरचा वारा आणि आर्द्रता जोडली तरी एका प्रयोगाचा गाभा एक-दोन जीबीत मावतो, आणि तो आपल्या २० एमबीपीएसवर पंधरा मिनिटांच्या आत उतरतो.

म्हणून गाळणी क्लस्टरवरच करावी. 'एनसीओ' या डेटा-फाइली हाताळणाऱ्या साधनांनी हव्या त्या राशी वेगळ्या काढून नेटसीडीएफ-४ या फाइल-प्रकारात दाबून लिहिणारी छोटी स्क्रिप्ट तयार करा आणि ती लॉगिन नोडवर न चालवता एक कोअर आणि एक तास मागून स्वतंत्र जॉब म्हणून टाका. स्लर्ममध्ये एक जॉब यशस्वी झाल्यावरच दुसरा सुरू व्हावा अशी अट घालता येते. मुख्य जॉबला हा गाळणीचा जॉब तसा बांधून ठेवला, की आपण गावी असलात आणि नेटवर्क नसले तरी काम होऊन जाते. पुढच्या प्रयोगांत मुळातच कोणत्या राशी लिहू नयेत हेही डब्ल्यूआरएफला एका वेगळ्या मजकूर-फाइलने सांगता येते. रीस्टार्टच्या (थांबलेला प्रयोग पुढे चालू करण्याच्या) फाइली दिवसातून एकच ठेवा आणि प्रयोग नीट संपल्यावर काढून टाका. त्या बऱ्याच जड असतात आणि पुष्कळ जण त्या विसरतात.

चिक्कोडीकर

निपाणीकर सर, मेटाडेटा सर्व्हरची बाजू मला माहीत नव्हती. विभागातील मित्रांनाही हे दाखवले. त्यांनी स्क्रिप्ट काढून टाकली आहे.

मलप्रभाकाठ (तेरा दिवसांनंतर)

केलेले काम कळवते. चाचणीत ८० कोअरवर पूर्ण प्रयोगाला साधारण १३ तास लागतील असे दिसले, आणि प्रत्यक्षातही तसेच झाले. आधी १६० कोअर गुणिले ९ तास, म्हणजे १,४४० कोअर-तास जात होते. आता १,०४० जातात. १७ तास मागून जॉब संध्याकाळी सात वाजता टाकला, तो त्याच रात्री पावणेबाराला सुरू झाला. पाचही जुन्या प्रयोगांची गाळणी झाली असून प्रत्येकी १.४ जीबीच्या आसपास फाइल झाली. 'शा-२५६' जुळवून एक प्रत प्रयोगशाळेच्या संगणकावर आणि दुसरी बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवली आहे. त्यानंतरच मूळ १७० जीबीच्या फाइली पुसल्या, आणि तो आदेश देताना फोल्डरचे नाव तीनदा वाचले. गेलेल्या चार प्रयोगांपैकी दोन पुन्हा पूर्ण झाले आहेत.

एकच शंका उरली आहे. एका प्रयोगाची पूर्ण १७० जीबीची प्रत मार्गदर्शकांना ठेवायची आहे, कारण परीक्षकांनी उभ्या वाऱ्याविषयी विचारले तर सर्व पातळ्या लागतील. ती कोठे ठेवावी?

निपाणीकर यांचे उत्तर

बहुतेक संस्थांत स्क्रॅचहून वेगळा, प्रकल्पाच्या नावाने मिळणारा दीर्घ मुदतीचा साठा असतो, आणि तो विद्यार्थ्याच्या नव्हे तर मार्गदर्शकांच्या अर्जावर मिळतो. २०० जीबी आणि प्रबंध सादर होईपर्यंतची मुदत असा अर्ज त्यांच्याकडून पाठवावा. तोपर्यंत तोच प्रयोग दाबून लिहून पाहावा, त्याने आकार बराच उतरतो. आणि फोल्डरमध्ये एक साधी मजकूर-फाइल अवश्य ठेवा, जिच्यात प्रारूपाची आवृत्ती, नेमलिस्ट, मॉड्यूलची यादी आणि कोणत्या तारखांचा पाऊस आहे हे लिहिलेले असेल. परीक्षक विचारतील तेव्हा वर्ष उलटलेले असेल आणि तेव्हा ती फाइल आपल्यालाच लागेल.